किशोर सुपर शॉपीचं सुतक

जुने नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थरूप चिमाजीमामांच्या पायांवर भाचा किशोर डोकं ठेवतो आणि ते वर उचलायच्या आतच विचारतो, की मामा, तब्येत कशी आहे? हे पत्राच्या वरच्या ओळीत विचारायची पद्धत आहे म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो आहे. खोकला कसा आहे, गुडघा कसा आहे, जेवण जातं का, झोप लागते का, सकाळी आरम नदीच्या काठापर्यंत फिरून येता का, चालताना छातीत कधी कसंसं होतं का. सगळ्याचं उत्तर उलट टपाली हवं आणि तुमच्या स्वतःच्या अक्षरात हवं. मोहिनीताईने कार्डावर 'बाबा बरे आहेत' असं लिहून पाठवलेलं चालणार नाही, कारण ते इथे गल्लीत कोणी मानणार नाही. का मानणार नाही ते पुढे लिहितो. एकदम लिहायची मला भीती वाटते. (मोहिनीताई, मामांचा चष्मा सापडत नसणार आणि हे पत्र तूच वाचून दाखवत असणार. तर आधी त्यांना भिंतीला टेकून बसव, पाण्याचा तांब्या जवळ ठेव आणि आवाज अगदी नेहमीचा ठेव.)

मी भित्रा आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. लहानपणी गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला हे बघायला सगळी गल्ली पळायची आणि मी तुमच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागे बसून राहायचो. असा माणूस सातपूरच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून दुकान काढतो, ते काय डोकं ठिकाणावर असताना काढतो? पण तुम्ही गेल्या वर्षी कुंभमेळा आटोपल्यावर दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवलीत, आता गुडघा ऐकत नाही म्हणालात आणि मोहिनीताईकडे सटाण्याला निघून गेलात. मग मी रोज बघायचो, आपल्या गल्लीतली माणसं रिक्षा करून कॉलेज रोडला जातात, काचेच्या दारातून आत शिरतात, टोपलीत आपल्या हाताने सामान भरतात आणि घरी येऊन त्या गारव्याची गोष्ट शेजारी सांगतात. मला वाटलं, तोच गारवा इथे आणला तर? भद्रकालीच्या मागे, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं अशा आपल्या गल्लीत आणला तर? घरी सुवर्णाही म्हणाली, करा. (तिला मी एरवी काहीही विचारलं की ती विचार करा म्हणते. या वेळी नुसतं करा म्हणाली, म्हणून मला जास्तच भीती वाटली.)

तर मामा, तुमची पुढची लाकडी फळी मी काढली. जिच्यावर कोपर टेकून तुम्ही इतकी वर्षं उभे राहिलात ती. पोती काढली, डबे काढले, छताला टांगलेला सुतळीचा गुंडा काढला, तराजू तर तुम्ही बरोबर नेलाच आहे. खाली पांढऱ्या टाइल्स घातल्या, लोखंडी मांडण्या लावल्या, सगळं सामान पाकिटात भरलं, कोपऱ्यात एक मोठा गोल आरसा लावला, एसी बसवला आणि वर पाटी लावली, किशोर सुपर शॉपी. उद्घाटन दसऱ्याला ठेवलं. तुम्ही आला नाहीत. मोहिनीताईचा निरोप आला की गुडघा सुजला आहे. मी निरोप ऐकला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की गुडघा नसेल, फळी असेल. मामांना फळी काढलेली आवडली नाही, म्हणून ते आले नाहीत. हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही, आणि पुढे जे काही झालं त्यात तोच मला जास्त नडला.

तुम्ही येणार नाही कळल्यावर मला ते दुकान पोरकं वाटायला लागलं. म्हणून मी घाईघाईने तुमचा फोटो मोठा करून आणला. मोहिनीताईच्या लग्नातला, फेटा बांधलेला. त्यात तुमच्या शेजारी व्याही उभे होते, त्यांना स्टुडिओवाल्याने कापून टाकलं, पण त्यांचा हात तुमच्या खांद्यावर राहिला तो राहिलाच. (नंतर गल्लीतल्या पोरांनी तो हात कोणाचा याबद्दल जे ठरवलं आहे ते मी लिहीत नाही.) फोटो दारातून आत आलं की समोर दिसेल असा लावला. फुलांचं काम भिकाकडे होतं. तो विचारायला लागला की हार कुठे कुठे घालायचे. मी शिडीवर होतो, हातात पंख्याची वायर होती आणि जीव मुठीत होता. म्हटलं, जेवढे फोटो दिसतील तेवढ्यांना घाल बाबा. त्याने गणपतीला घातला, लक्ष्मीला घातला, काळारामाला घातला आणि तुम्हालाही घातला. चांगला झेंडूचा, गुडघ्यापर्यंत येईल असा. वर काचेवर कुंकवाचं बोट लावलं. (मोहिनीताई, इथे थांब आणि मामांना पाणी दे.)

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण अगरबत्तीच्या कंपनीचा माणूस आला होता, त्याला नमुना पेटवून ठेवायचा होता, आणि अगरबत्तीची मांडणी नेमकी तुमच्या फोटोखाली. त्याने तिथेच भला मोठा झुपका लावला. हे मला दिसलं नाही, कारण मी त्या वेळी दुसऱ्याच काळजीत होतो. गिऱ्हाइकं आत येत नव्हती. आधी उंबऱ्याशी उभं राहून ती आत बघायची आणि फळी शोधायची. फळी नाही म्हटल्यावर कोणाकडे बघून मागायचं तेच त्यांना कळेना. एकदोघांनी हवेतच सांगितलं, अर्धा किलो साबुदाणा, आणि वाट बघत राहिले. मग मी हात जोडून म्हटलं, आत या, आपल्या हाताने घ्या. तेव्हा ती आली, पण पांढऱ्या टाइल्स बघून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. एकाने काढल्या म्हणून दुसऱ्याने काढल्या. बघता बघता दारात चपलांचा हा ढीग. आणि आत एवढी माणसं असून चिडीचूप. बायका हात मागे बांधून मांडण्यांपुढून फिरत होत्या. पाकिटाला कोणी हात लावेना, चुकून लावला तर गोल आरशात माझ्याकडे बघून परत ठेवत होत्या, जशी काही मी चोरी पकडली. त्यातच मिरचीपुडीचं एक पाकीट फुटलं आणि ती पूड एसीच्या वाऱ्याने सगळीकडे झाली. मग जो आत जाई तो डोळे पुसत, नाक ओढत, रिकाम्या हाताने बाहेर येई आणि गुपचूप आपली चप्पल शोधून चालायला लागे.

आता मामा, तुम्ही आपल्या चौकात उभे आहात असं समजा. समोर दारात चपलांचा ढीग. माणसं अनवाणी आत जाताहेत, डोळे पुसत बाहेर येताहेत, कोणाच्या हातात पिशवी नाही, कोणी बोलत नाही. आणि आत बघावं तर समोर फोटो, हार, कुंकू, अगरबत्तीचा धूर. काय समजाल तुम्ही? जे तुम्ही समजाल तेच अक्काबाई समजल्या.

अक्काबाई म्हणजे आपल्या समोरच्याच, तुम्हाला राखी बांधणाऱ्या. त्या उशिरा आल्या, कारण आपट्याची पानं वाटत फिरत होत्या. चौकातून त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि तिथूनच त्यांनी जो सूर लावला तो मला गल्ल्याच्या खुर्चीत ऐकू आला. आत येऊन त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाल्या, गेला रे माझा भाऊ, गेला. माझी फोटोकडे पाठ होती. आणि तुम्हाला माहीत आहे, त्यांचा पुतण्या सटाण्याच्या एसटीवर कंडक्टर आहे. मला वाटलं, त्यानेच सकाळच्या गाडीने बातमी आणली. मला वाटलं, गुडघा खोटा होता, मोहिनीताईने माझ्या मुहूर्तासाठी खरं लपवलं. मामा, मी तिथेच, नव्या टाइल्सवर, बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मला काहीच सुचेना, फक्त फळी आठवत होती. एवढंच मनात येत होतं की मी फळी काढली आणि मामा गेले. माझं रडणं बघून ज्यांना शंका होती त्यांचीही शंका फिटली. भाचाच रडतो म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? अक्काबाईंना माझ्यामुळे खात्री पटली आणि मला अक्काबाईंमुळे. आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर तुमच्यासाठी पोटभर रडलो.

मग उठलो आणि सटाण्याला फोन लावला. कोणाला काय विचारायचं तेही ठरवलं नव्हतं. पलीकडून फोन उचलला गेला आणि खुद्द तुमचा आवाज आला, कोन शे? मामा, भीतीने माझ्या हातून फोन खाली पडला. तुम्ही पुन्हा कोन शे, कोन शे म्हणालात, मग मला काहीतरी म्हणालात (ते अहिराणीत होतं, पण समजलं) आणि फोन ठेवलात. त्या दिवशी फोन करून न बोलणारा तो हरामखोर मी होतो. एवढा आनंद आणि एवढी भीती मी आयुष्यात एकदम कधी सोसली नव्हती. पुढे होऊन अक्काबाईंना सांगावं म्हणून वळलो तर दुकान रिकामं. सगळी गल्ली बातमी द्यायला गेली होती. भिंतीवर तुमचा हार बघितला आणि मग मला सगळं उमगलं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना लोकांना. मामा, मी सांगितलं. दारोदार जाऊन सांगितलं की मामा ठणठणीत आहेत, आताच मला शिवी दिली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अक्काबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि सुवर्णाला बाजूला घेऊन सांगितलं की याला जपा, हा अजून मानायला तयार नाही. ही झाली दया करणारी बाजू. दुसरी बाजू चौकातल्या कट्ट्यावर बसते. तिने असं ठरवलं की मामा दसऱ्याच्या आधीच गेले, पण भाच्याने मुहूर्त चुकू नये म्हणून बातमी दाबली, सुतकात फीत कापली आणि आता दिवाळीचा धंदा बुडेल म्हणून मामा जिवंत आहेत असं सांगत फिरतो. मामाचं सुतक भाच्याला दीड दिवसाचं की तीन दिवसांचं यावर कट्ट्यावर दोन तट पडले आहेत, पण मामाने स्वतःचं दुकान दिलं म्हणजे तो बापाच्याच जागी, म्हणून पूर्ण धरायचं, यावर आता दोन्ही तटांचं जुळत आलं आहे. सुतकातल्या दुकानातून दिवाळीचा रवा कोण नेणार? कोणी नेत नाही. रवा आहे, मैदा आहे, डालडा आहे, उटणं आहे, सगळं मांडणीवर ओळीने उभं आहे आणि माझ्याकडे बघतं आहे. ही दिवाळी गेली तर दुकान गेलं, हे मला कोणी सांगायला नको. सातपूरला माझ्या मशिनवर दुसरा माणूस उभा आहे.

त्यात सलूनवाला फकिरा. तो तुमचा माणूस, तुमच्याशिवाय सकाळचा चहा घेत नसे. तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईक आलं. तो आत आला, तुमच्या फोटोला हात जोडले, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, केस कधी काढायचे? मी म्हटलं, नाही काढायचे. तो गेला. पण तेव्हापासून रोज पेटी काखेत मारून येतो आणि दाराबाहेर स्टुलावर बसून राहतो. मी बाहेर गेलो की त्याची नजर माझ्या डोक्यावर. मी आता टोपी घालून फिरतो, तर लोक म्हणतात, बघा, लपवतो आहे. काय लपवतो ते मला अजून समजलेलं नाही.

पण मला खरी भीती बसली ती कावळ्याने. अक्काबाईंनी परवा तुमच्यासाठी पान वाढलं. कळण्याची भाकरी, मिरचीचा खुडा, वर कांदा, सगळं तुमच्या आवडीचं. ते आपल्या दुकानाच्या मागच्या कठड्यावर ठेवलं आणि सगळे खाली उभे राहिले. कावळा येईना. समोरच्या तारेवर चारपाच बसले होते, पण पानाकडे कोणी फिरकेना. मग सुरू झालं, की चिमाजीची इच्छा राहिली. काय राहिली असेल? एक म्हणाला, गल्लीत सगळ्यांशी बोलून जायचं राहिलं. फकिरा म्हणाला, भाच्याने केस काढावेत. आणि अक्काबाई म्हणाल्या, त्याची फळी काढली ना, तिथे जीव अडकला असेल. मामा, मला माहीत होतं की कावळा का येत नाही. त्याच कठड्याला माझ्या एसीचा बाहेरचा डबा लावला आहे, तो इतकं गरम वारं फेकतो की तिथे पापडसुद्धा भाजून निघेल. आणि मुळात माणूस जिवंत असताना कावळा शिवेल कशाला? सगळं माहीत होतं. तरीही अक्काबाईंनी फळीचं नाव काढलं तेव्हा मी मनातल्या मनात कावळ्याला म्हटलं, फळी परत बसवतो, ये. जिवंत मामाच्या पानाला कावळा शिवावा म्हणून मी तिथे हात जोडून उभा होतो, यावरून माझी दशा ओळखा.

म्हणून हे पत्र. फोन करत नाही, कारण तो वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही तर मधल्या वेळात माझं काय होईल ते सांगवत नाही. पत्राला निदान उत्तर यायला वेळ लागतोच, त्यात भिण्यासारखं नसतं. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, त्या हिशोबाने तुम्ही आता माझ्यानंतरही राहाल. मोहिनीताईस आणि घरातल्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. सुवर्णा पाया पडते. बाकी सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुमचा भाचा,
किशोर

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. मामा, तुम्ही या. उत्तर लिहीत बसू नका, सरळ स्वतःच या. एसटीने ठक्कर बाजारला उतरा, मी घ्यायला येतो. पण दिवसाउजेडी पोचेल अशी गाडी धरा, तिन्हीसांजेला गल्लीत शिरू नका, अक्काबाईंना ब्लडप्रेशर आहे. चौकातून येताना तुमचा तो नेहमीचा खोकला खोकत या, म्हणजे लोकांना आधी अंदाज येईल. आणि आल्यावर दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल, नुसते हलत राहा.

ता. क. सुवर्णाने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढं लिहिण्यापेक्षा हार का काढत नाही? मला हे सुचलंच नव्हतं. स्टूल घेऊन चढलो, तर अक्काबाईंनी समोरून बघितलं आणि धावत येऊन माझा हात धरला, की लेकरा, एवढ्यात काढू नको. आता त्या रोज ताजा हार आणणार आहेत. त्यामुळे हार तुम्हालाच येऊन काढावा लागेल, मला कोणी हात लावू देणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात फकिरा आत आला. चपला बाहेर काढल्या, टोपली घेतली, एकटाच मांडण्यांमधून फिरला, स्वतःच्या हाताने एक वस्तू टोपलीत टाकली आणि माझ्यापुढे ठेवली. सुपर शॉपीची भवानी झाली, मामा. सुवर्णाने देवापुढे दिवा लावला. वस्तू दाढीच्या ब्लेडचं पाकीट आहे. माझ्या डोक्यासाठी घेतलं आहे, म्हणाला, नवं वापरू.

ता. क. शेवटचं. मोहिनीताई, हे जरा सावकाश वाच. मामा, तुम्ही फळीसाठी रागावला असाल तर तसंच सांगा, मी सुताराला बोलावतो. दसऱ्याला त्या टाइल्सवर बसलो होतो तेव्हा मला दुकान आठवलं नाही, दिवाळी आठवली नाही. दुकान चालो न चालो, तुम्ही रागावून घरी बसलेले मला सोसायचे नाहीत. रागावला असाल तर रागावूनच या. पण एक करा, दारात चपला काढू नका. कितीही पांढऱ्या टाइल्स दिसल्या तरी चपला घालूनच सरळ आत या, तुमचं दुकान आहे. तुम्ही घालून आलात की मागून सगळी गल्ली येईल.